ती जमीन रिकामी नव्हती

शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर निदान सहा वेळा येऊन गेला आहे. पाठवणारा दर वेळी वेगळा, मजकूर मात्र तोच. त्याचा सारांश असा: पॅलेस्टाईन हे नाव रोमनांनी उगाच दिलेलं आहे. ज्यू परतले तेव्हा तिथे वाळवंट होतं, माणूस नव्हता. आज जे पॅलेस्टिनी म्हणवतात ते शेजारच्या देशांतून मजुरीला आलेले अरब. पॅलेस्टाईन नावाचा देश इतिहासात कधीच नव्हता. ज्यूंनी सगळी जमीन रोख पैसे मोजून घेतली. भारतीय सैनिकांनी १९१८ मध्ये इस्रायल मुक्त केला. आणि १९४८ मध्ये अरब आपल्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून आपणहून निघून गेले. शेवटी ‘खरा इतिहास, पुढे पाठवा’.

माझं लहानपण अलिबागला गेलं. गावात इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, वाढले, ही गोष्ट आम्ही सगळ्याच जातीधर्मांच्या मुलांनी ऐकलेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकर, पेझारकर, केहिमकर अशी आडनावं, घरात मराठी, आणि नवस फेडायला एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. ज्यूंविषयी मराठी माणसाला जी आपुलकी वाटते तिचं मूळ या शेजारात आहे. ती आपुलकी मलाही आहे, आणि म्हणूनच हा मजकूर मला सलतो. एका समाजाचा हक्क खरा ठरवण्यासाठी तो दुसरा समाज जमिनीवरून पुसून टाकतो. माहितीच्या पातळीवरही तो टिकत नाही. एकेक मुद्दा घेतो.

‘पॅलेस्टाईन हे नाव रोमनांनी दिलं, त्याआधी ते नव्हतंच.’

यातलं निम्मं खरं आहे. इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी रोमविरुद्ध मोठं बंड केलं. सम्राट हेड्रियनने ते रक्तात बुडवलं आणि ‘ज्यूदिया’ प्रांताचं नाव बदलून ‘सीरिया पॅलेस्टिना’ केलं. ज्यूंची खूण नकाशावरून पुसावी हा त्यामागचा हेतू होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पण नाव हेड्रियनने घडवलेलं नाही. त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सीरियाच्या किनारी भागाला पॅलेस्टाईन म्हटलं आहे. ज्यात माणूस बुडत नाही असं सरोवर पॅलेस्टाईनमध्ये आहे म्हणतात, असं ॲरिस्टॉटल लिहितो. तो मृत समुद्र. त्याहून मागे जायचं तर इजिप्तच्या तिसऱ्या रामसेसच्या शिलालेखांत, म्हणजे इ.स.पूर्व बाराव्या शतकात, ‘पेलेसेत’ हे लोक येतात. आणि ‘इस्रायल’ हे नाव आणखी थोडं जुनं आहे: इजिप्तच्याच मेर्नेप्ता राजाच्या शिळेवर, सुमारे इ.स.पूर्व १२०८ मध्ये. दोन्ही नावं तीन हजार वर्षं त्या मातीत शेजारी शेजारी आहेत.

सातव्या शतकात अरबांचं राज्य आलं तेव्हा त्यांनीही हे नाव टाकलं नाही. ‘जुंद फिलस्तीन’ नावाचा त्यांचा जिल्हा होता. त्याचं मुख्य ठाणं आधी लुद्द आणि मग जवळच नव्याने वसवलेलं रमला. ही दोन गावं लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत. दहाव्या शतकात जेरुसलेममध्ये जन्मलेला भूगोलकार अल-मुकद्दसी फिलस्तीनच्या बाजारांचं आणि फळांचं वर्णन हौसेने करतो. १९११ मध्ये याफा बंदरात दोन अरब ख्रिस्ती चुलतभावांनी वर्तमानपत्र काढलं, त्याचं नावही ‘फलस्तीन’च होतं. इंग्रजांचं राज्य यायला तेव्हा अजून सहा-सात वर्षं होती.

‘ती जमीन ओसाड होती. मार्क ट्वेनने स्वतः पाहून लिहिलं आहे.’

ट्वेन तिथे गेला होता, १८६७ मध्ये, आणि उजाड माळ, दगड, गरिबी यांचं त्याने केलेलं वर्णन खरंच आहे. पण तो गेला सप्टेंबरात. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. सप्टेंबर म्हणजे चार-पाच महिन्यांच्या कोरड्या उन्हाळ्याचा शेवट. मे महिन्यात माणदेशातून गेलेल्या पाहुण्याने ‘इथे काही पिकत नाही, इथे कोणी राहत नाही’ असं लिहिलं तर माणदेशी माणूस काय म्हणेल? त्यात ट्वेन विनोदी लेखक. त्याच प्रवासवर्णनात ग्रीसलाही त्याने उदास वाळवंट म्हटलं आहे. त्यावरून ग्रीसमध्ये ग्रीक नव्हते असं कोणी म्हणत नाही. आणि तोच ट्वेन नाब्लूसच्या खोऱ्याबद्दल लिहितो की तिथे शेती उत्तम आहे आणि माती काळी, कसदार आहे. फॉरवर्डमध्ये ते वाक्य नाही.

ट्वेनपेक्षा मोठा साक्षीदार अहाद हाअम. हा रशियातला ज्यू विचारवंत, ज्यू पुनरुत्थानाच्या चळवळीतला आघाडीचा माणूस. १८९१ मध्ये तो पॅलेस्टाईन पाहून आला आणि त्याने आपल्याच लोकांना हिब्रूत बजावलं: बाहेर बसून आपण समजतो की ही जमीन पडीक आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी, प्रत्यक्षात पेरलेली नाही अशी लागवडीजोगी जमीन इथे सापडणं कठीण आहे. अरब म्हणजे वाळवंटातले अडाणी लोक, त्यांना काही कळत नाही, हा समजही चुकीचा आहे, असं त्याच लेखात आहे. हे लिहिणारा त्या चळवळीचा शत्रू नव्हता, तिचा हितचिंतक होता.

आता आकडे. ऑटोमन नोंदींवरून १८८०च्या आसपासची लोकसंख्या साडेचार ते पावणेपाच लाख धरली जाते. त्यात बहुसंख्य मुसलमान, चाळीस हजारांच्या पुढे ख्रिस्ती आणि वीस-पंचवीस हजार ज्यू. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत एकूण सुमारे ७ लाख ५७ हजार: मुसलमान ५ लाख ९० हजार, ज्यू ८४ हजार, ख्रिस्ती ७३ हजार. आजच्या मानाने वस्ती विरळ होती, हे कबूल. सखल भागात दलदल होती, मलेरिया होता. हदेरासारख्या वसाहतीत सुरुवातीचे कितीतरी ज्यू वसाहतकार हिवतापाने मेले, आणि दलदल उपसण्याचे त्यांचे कष्ट खरे आहेत. पण याफाची संत्री बोटीत भरून युरोपला जात होती, नाब्लूसचा ऑलिव्ह तेलाचा साबण इजिप्तपर्यंत विकला जात होता, गाझाचं जव इंग्लंडच्या दारूभट्ट्यांत पोचत होतं. हा व्यापार ओसाड माळावर चालत नाही. ‘माणसं नसलेली भूमी, भूमी नसलेल्या माणसांसाठी’ या घोषणेचं मूळही ज्यूंकडे नाही. १८४०च्या दशकात ब्रिटनमधले ख्रिस्ती धर्मप्रचारक ती कल्पना मांडत होते. पुढे ती इस्रायल झँगविल या इंग्लिश ज्यू लेखकाच्या तोंडी गेली, आणि त्यानेच काही वर्षांत जाहीरपणे सांगितलं की पॅलेस्टाईनमध्ये आधीच रहिवासी आहेत.

‘आजचे पॅलेस्टिनी म्हणजे ज्यूंनी रोजगार निर्माण केल्यावर बाहेरून आलेले अरब.’

याला पुरावा म्हणून ‘अल-मसरी’ म्हणजे इजिप्तचा, असं आडनाव देतात. हा पुरावा असेल तर त्याच देशातल्या ‘नाबुलसी’ आणि ‘खलिली’ या आडनावांचं काय करायचं? एक नाब्लूसचा, दुसरा अल-खलीलचा, म्हणजे हेब्रोनचा. गावावरून आडनाव कसं पडतं हे ‘कर’ लावणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

बाहेरून माणसं आली नाहीत असं मी म्हणत नाही. १८३०च्या दशकात इब्राहिम पाशाच्या फौजेमागून इजिप्शियन आले, ऑटोमनांनी चेर्केस आणि बोस्नियन मुसलमान वसवले, १९३०च्या दशकात सीरियातल्या हौरानमधून मजूर यायचे. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाने नेमका हाच विषय तपासला आणि लिहिलं की ज्यूंच्या उलट अरबांच्या वाढीत स्थलांतराचा वाटा अगदी थोडा आहे; मलेरिया हटला, बालमृत्यू घटले, पाणी सुधारलं म्हणून संख्या वाढली. आणि पॅलेस्टाईनच्या फाळणीची शिफारस पहिल्यांदा करणारा आयोग हाच, म्हणजे तो अरबांच्या बाजूने लिहीत होता असंही म्हणता येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत हा बाहेरून आल्याचा दावा पुस्तकरूपाने गाजला, तेव्हा त्याचे आकडे खोडून काढणाऱ्यांत येहोशुआ पोरात हा इस्रायली इतिहासकार पुढे होता.

या मुद्द्यावर सगळ्यात बोलकी साक्ष मला वाटते ती डेव्हिड बेन-गुरियन आणि यित्झाक बेन-झ्वी यांची. पहिला पुढे इस्रायलचा पहिला पंतप्रधान झाला, दुसरा राष्ट्राध्यक्ष. १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांनी यिद्दिश भाषेत एक पुस्तक छापलं आणि त्यात मांडलं की पॅलेस्टाईनचा फल्लाह, म्हणजे तिथला शेतकरी, बऱ्याच अंशी प्राचीन ज्यूंचाच वंशज आहे. राज्यं बदलली, धर्म बदलला, भाषा बदलली, शेतकरी मात्र शेतावर राहिला, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे तो त्यांच्या राजकारणाला सोयीचा राहिला नाही. पण एवढं तर त्यातून दिसतं की समोरचा शेतकरी कालपरवा आलेला मजूर आहे असं त्यांनाही वाटत नव्हतं.

‘पॅलेस्टाईन नावाचा स्वतंत्र देश कधीच नव्हता.’

नव्हता. १९१८ च्या आधी इराक नव्हता, जॉर्डन नव्हता, लेबनॉनही नव्हता. सगळा ऑटोमन साम्राज्याचा मुलूख. पॅलेस्टाईनचाही काही भाग थेट इस्तंबूलच्या अखत्यारीतल्या जेरुसलेम जिल्ह्यात, काही बैरुत प्रांतात. पण राज्य नसणं म्हणजे माणसं नसणं नव्हे. १ मे १९६० च्या आधी महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेल्यांना ‘तुमचं राज्य कधी होतं?’ असं विचारून घरी पाठवता आलं असतं का?

खरी गोम ब्रिटिश सरकारच्या २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात आहे. सदुसष्ट शब्दांचं ते इंग्रजी वाक्य. त्यात ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’ आहे आणि उरलेल्या जवळजवळ नव्वद टक्के लोकांचा उल्लेख ‘बिगर-ज्यू समुदाय’ असा आहे. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही म्हटलं आहे, राजकीय हक्कांबद्दल अक्षर नाही. बहुसंख्य रहिवाशांना त्यांचं नावही न देता त्यांच्या देशाचं भविष्य ठरवलं गेलं. याला लंडनच्या मंत्रिमंडळात कडाडून विरोध केला तो एडविन मॉंटेग्यूने, आपल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला तोच भारतमंत्री. त्या मंत्रिमंडळात तो एकटाच ज्यू होता.

‘ज्यूंनी सगळी जमीन विकत घेतली.’

घेतली, पण सगळी नव्हे. १९४५ ते ४७ च्या सुमारास ज्यूंच्या मालकीची जमीन पॅलेस्टाईनच्या एकूण क्षेत्राच्या ६ ते ७ टक्के होती. सपाट, सुपीक भागात हे प्रमाण बरंच जास्त होतं. उरलेली सगळी अरबांच्या खाजगी मालकीची होती, हा दुसऱ्या बाजूचा दावाही खोटा. जवळजवळ निम्मा देश म्हणजे नेगेवचं वाळवंट आणि बराच भाग सरकारी.

पण टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की विकली कोणी. १८५८ मध्ये ऑटोमन सरकारने जमीन नोंदणीचा कायदा केला. नोंद म्हणजे कर आणि सक्तीची लष्करभरती, या भीतीने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी शहरातल्या बड्या घराण्यांच्या नावावर जाऊ दिल्या. बैरुतचं सुरसुक घराणं त्यातलं. मर्ज इब्न आमिर, म्हणजे यिझ्रेल खोरं, या कसदार पट्ट्यातली गावंच्या गावं या घराण्याने १९१० ते १९२५ च्या दरम्यान ज्यू संस्थांना विकली. कागदावर व्यवहार चोख. पण जमिनीवर कुळं होती. त्यांना थोडी भरपाई देऊन उठवण्यात आलं. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू नॅशनल फंडाचा नियम असा की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, आणि ती कसायला फक्त ज्यूंनाच द्यायची. म्हणजे आधी मालक बदलला तरी कूळ राहायचं, या वेळी कूळच गेलं.

रायगड जिल्ह्यातल्या माणसाला हे उमजायला परदेशी जाण्याची गरज नाही. त्याच काळात, १९३३ पासून सहा वर्षं, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेती बंद ठेवली. खोताच्या हातात कागद होता, कुळाच्या हातात नांगर. आपल्याकडे पुढे कायदा कुळाच्या बाजूने झाला. मर्ज इब्न आमिरच्या कुळाच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, अरब जमीनदार तर नाहीच नाही. रोज राष्ट्रवादाची भाषणं देणाऱ्या काही बड्या अरब घराण्यांनीही गुपचूप जमिनी विकल्या, ही गोष्ट पॅलेस्टिनी इतिहासकारच सांगतात.

‘भारतीय सैनिकांनी इस्रायल मुक्त केला.’

जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी तोफा आणि मशीनगनच्या माऱ्यात धाव घेऊन हैफा घेतलं. मेजर दलपतसिंह त्यात पडले. ते शौर्य मोठं आहे. पण त्यांनी हैफा ऑटोमनांकडून घेऊन ब्रिटिशांना दिलं. हैफात तेव्हा बहुसंख्य अरब राहत होते, आणि इस्रायलची स्थापना तीस वर्षं पुढे होती.

‘अरबांनी फाळणी नाकारली, युद्ध पुकारलं, आणि आपल्या पुढाऱ्यांनी सांगितलं म्हणून घरं सोडून गेले.’

इथे तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पहिली खरी आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव झाला. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी नाकारला. माझ्या मते नुसतं नाकारून, पर्याय हातात नसताना युद्धात उतरणं ही अरब नेतृत्वाची घोडचूक होती आणि तिची किंमत सामान्य माणसाने मोजली. पण नकार वेडाचा नव्हता. लोकसंख्येत ज्यू एक तृतीयांश, जमिनीत वाटा सुमारे ५५ टक्के. आणि त्या नियोजित ज्यू राज्यातही पाच लाख ज्यूंबरोबर चार लाख अरब राहणार होते. भारताने ठरावाविरुद्ध मत दिलं होतं. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी एकाच संघराज्याचा आराखडा मांडला होता. आपल्या देशाच्या फाळणीच्या जखमा तेव्हा उघड्या होत्या.

दुसरी अर्धी खरी. शेजारच्या अरब देशांच्या फौजा १५ मे १९४८ ला शिरल्या. पण त्या शिरण्याआधीच अडीच-तीन लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले होते. ठरावानंतर दुसऱ्याच दिवसापासून दोन्हीकडून हल्ले सुरू झाले. ९ एप्रिलला देर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक गावकरी मारले. चारच दिवसांनी हदासा इस्पितळाकडे जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला, ७८ जण मेले. भीती पसरायला हे पुरेसं होतं.

तिसरी गोष्ट, पुढाऱ्यांनी रेडिओवरून दिलेला आदेश. तो शोधायचे प्रयत्न १९५० आणि ६०च्या दशकांपासून झाले. पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी यांनी शोधला, एर्स्किन चिल्डर्स या आयरिश पत्रकाराने बीबीसीच्या नोंदी तपासल्या. पुढे इस्रायली लष्करी दफ्तरं खुली झाल्यावर इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस यांनी कागद चाळले. सर्वांनी घर सोडा असा सरसकट आदेश सापडला नाही. काही गावांतून बायकामुलांना हलवायला सांगितलं गेलं. हैफात एप्रिलमध्ये अरब पुढाऱ्यांनी शहर सोडायचं ठरवलं आणि ज्यू महापौर शबताई लेवी त्यांना थांबायची विनंती करत होता. असंही झालं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण इतर ठिकाणी हल्ला, घबराट आणि थेट हकालपट्टी.

थेट हकालपट्टीचं उदाहरण म्हणजे लुद्द आणि रमला. जुलै १९४८. इस्रायली सैन्याने ही शहरं घेतली. लुद्दमध्ये गोळीबार आणि कत्तल झाली, आणि १२ जुलैला रहिवाशांना हाकलण्याचा हुकूम निघाला; त्यावर सही यित्झाक राबिन यांची, जे पुढे पंतप्रधान झाले. राबिन यांनी आठवणींत हे लिहिलं होतं, इस्रायली सेन्सॉरने ते कापलं आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. पन्नास ते सत्तर हजार माणसं. लुद्दची माणसं भर उन्हात रामल्लाच्या दिशेने चालत निघाली, वाटेत कित्येक म्हातारे आणि मुलं तहानेने गेली. सगळं युद्ध संपेपर्यंत बेघर झालेल्यांची संख्या सात लाखांच्या आसपास पोचली. संयुक्त राष्ट्रांच्या ११ डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावाने परतण्याचा हक्क नोंदवला. इस्रायलने परतू दिलं नाही आणि १९५० मध्ये ‘गैरहजर मालकांची मालमत्ता’ असा कायदा करून घरं-शेतं ताब्यात घेतली.

लुद्दला आज लोद म्हणतात. लोद आणि रमला ही आपल्या बेने इस्रायलांची गावं आहेत. अश्दोद, दिमोना, बीर शेवा इथल्यासारखी त्यांची वस्ती तिथेही आहे, तिथे घराघरांत मराठी बोलली गेली. त्यांचा त्या जुलैशी काही संबंध नाही. ते नंतर आले, सरकारने वसवलं तिथे राहिले. उलट त्यांनाच तिथे उपरेपणा सोसावा लागला: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रब्बिनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नांसाठी वंशावळीची तपासणी लावली, आणि १९६४ मध्ये जेरुसलेमला आंदोलन केल्यावर ते मागे घेतलं गेलं. दोन हजार वर्षं कोकणात जपलेली आठवण कागदावर सिद्ध करा, असं कोणी विचारलं तर काय वाटतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या त्या आठवणीवर आपण मराठी माणसांनी कधी पुरावा मागितला नाही, विश्वास ठेवला. मग लुद्दच्या घराची किल्ली जपून ठेवलेल्या, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीच्या माणसाला ‘तू तिथे नव्हतासच’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एवढं मी ग्रुपवर लिहिल्यावर दुसऱ्या एका मित्राने उलट बाजूचा फॉरवर्ड टाकला: ज्यू म्हणजे युरोपातले परके, त्यांचा त्या भूमीशी संबंधच नाही, त्यांचं मंदिर वगैरे दंतकथा. हाही तितकाच खोटा आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथला सात फांद्यांचा दीप लुटून नेला; तो लुटीचा देखावा रोमच्या टायटस कमानीवर आजही कोरलेला आहे. त्यानंतरही ज्यू तिथून पूर्ण गेले नाहीत. सोळाव्या शतकात सफेद नावाचं शहर त्यांच्या धर्मविद्येचं मोठं केंद्र होतं, ज्यू धर्मशास्त्राचे पंडित योसेफ कारो तिथे बसून लिहीत होते. हेब्रोनमध्ये शतकानुशतकं ज्यू राहत होते. १९२९ च्या ऑगस्टमध्ये तिथे ६७ ज्यूंची कत्तल झाली, आणि कित्येकांना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. आणि ‘युरोपातले’ म्हणताना बगदाद, सना, कैरो, फेज विसरायचं का? १९४८ नंतरच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू छळाने, भीतीने किंवा ओढीने निघाले, त्यांतले बरेच इस्रायलला गेले. त्यांचीही घरं, दुकानं मागे राहिली. अलिबागच्या शनिवार तेल्यांनी तर युरोप कधी पाहिलेलाच नव्हता.

मग मित्राने विचारलं, दोघांचंही खरं असेल तर मोठ्याने असं कोणी कधी म्हटलं आहे का?

म्हटलं आहे, भांडण पेटायच्या आधीच. युसूफ दिया अल-खालिदी हा जेरुसलेमचा महापौर राहिलेला माणूस, ऑटोमन संसदेतला प्रतिनिधी. १ मार्च १८९९ रोजी त्याने फ्रान्सचे मुख्य रब्बी झादोक काह्न यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, ते ज्यू राज्याच्या चळवळीचे पुढारी थिओडोर हर्झल यांच्यापर्यंत पोचावं म्हणून. त्याने लिहिलं की ज्यूंचा पॅलेस्टाईनवरचा हक्क कोण नाकारेल, इतिहासाने पाहिलं तर ती तुमचीच भूमी आहे. आणि पुढे लिहिलं की पण आता तिथे दुसरे लोक राहतात. जगात दुसरी जागा शोधा, देवाशप्पथ, पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या. हर्झल यांचं उत्तर १९ मार्चला निघालं. ज्यूंच्या येण्याने अरबांच्या जमिनीची किंमत वाढेल, त्यांची भरभराट होईल, आणि त्यांना तिथून घालवून देण्याचा विचार तरी कोण करील, असं त्यात होतं.